पंच्याण्णव गावे आणि एक प्रश्न : संशोधन सल्लागार समित्यांना खुले पत्र

प्रति,
नवी मुंबई परिसरातील विद्यापीठे, महाविद्यालये आणि पीएच.डी. संशोधन केंद्रे यांच्या संशोधन सल्लागार समित्यांचे सदस्य



विद्यापीठ अनुदान आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित केलेल्या पीएच.डी.विषयक विनियमांनी संशोधन सल्लागार समितीवर जी कामे सोपवली आहेत, त्यांत संशोधनाचा आराखडा तपासून विषय निश्चित करणे हे काम अग्रभागी आहे. सहामाही प्रगतीचा आढावा, पद्धतीविषयीचे मार्गदर्शन, पुढील शिफारशी ही बाकीची कामे याच पहिल्या कामावर उभी राहतात, कारण आरंभी जो विषय मान्य होतो तोच पुढची किमान तीन आणि कमाल सहा वर्षे संशोधकाच्या मानगुटीवर तरी बसतो किंवा त्याच्या हाताला धरून त्याला पुढे तरी नेतो. या पहिल्या कामात विषयाच्या शीर्षकाकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे त्या शीर्षकाखाली दडलेल्या प्रश्नाकडे दिले जात नाही, आणि त्याची किंमत नवी मुंबईसारख्या शहराच्या अभ्यासाला मोजावी लागते, हे समित्यांपुढे मांडण्यासाठी प्रस्तुत पत्र लिहिले आहे.

नमुन्यादाखल एक शीर्षक घ्यावे : ‘नवी मुंबईचा विकास आणि प्रकल्पग्रस्तांचे सामाजिक-आर्थिक जीवन : एक चिकित्सक अभ्यास’. अशा घडणीची शीर्षके समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल आणि राज्यशास्त्र या चारही शाखांत ओळखीची आहेत, आणि त्यांत चूक म्हणावी असे वरकरणी काही दिसत नाही. परंतु हा अभ्यासविषय आहे, संशोधन प्रश्न नाही. अभ्यासविषय म्हणजे ज्ञानाचे एखादे क्षेत्र, ज्याविषयी कितीही बोलता येते आणि ज्याचा शेवट लेखकाच्या थकव्याने किंवा मुदतीने होतो. संशोधन प्रश्न म्हणजे असे प्रश्नार्थक वाक्य, ज्याचे उत्तर आज कोणालाही ठाऊक नाही, ते ज्या पुराव्यातून मिळू शकेल तो पुरावा कोठे आहे हे सांगता येते, आणि जे उत्तर संशोधकाच्या अपेक्षेविरुद्धही जाऊ शकते. वरील शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह ठेवण्याचा प्रयत्न केला तर ते कोठेच बसत नाही, आणि त्याचे अर्धे निदान तेथेच होते.

या शीर्षकातील ‘नवी मुंबई’ या पहिल्या शब्दाचाच आवाका पाहावा. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली, मार्च १९७० मध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे सिडकोची, स्थापना झाली, आणि तेव्हाच्या ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांतील ९५ गावांसह सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहरासाठी अधिसूचित झाला. त्यात ठाणे-बेलापूर पट्टा आहे, पनवेल आहे, उरण आहे. भातशेती, मिठागरे, खारफुटी आणि कोळीवाडे आहेत. १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर आहे, १९९२ च्या मे महिन्यात मानखुर्दहून वाशीला पोचलेली लोकल गाडी आहे आणि आता विमानतळही आहे. घणसोलीच्या शेतकऱ्याला जे शहर दिसले ते उरणजवळच्या जासईच्या शेतकऱ्याला दिसले नाही, आणि १९७१ साली ज्याची जमीन गेली त्याचा अनुभव विमानतळासाठी स्थलांतरित झालेल्याच्या अनुभवाशी जुळत नाही. एवढे सगळे एका प्रबंधात बसवायचे तर प्रत्येक गोष्टीला एकेक परिच्छेद येतो, आणि तो परिच्छेद आधीच्या कोणत्या तरी पुस्तकातून घ्यावा लागतो. अन्नपूर्णा शॉ यांचा ‘द मेकिंग ऑफ नवी मुंबई’ हा २००४ सालचा ग्रंथ संपूर्ण शहराला कवेत घेतो हे खरे; परंतु तो मुरलेल्या अभ्यासकाचा ग्रंथ आहे, आणि पहिल्या प्रबंधाने त्याची लहान प्रतिकृती काढायला जाऊ नये.

विषय फार मोठा आहे अशी शंका समितीत निघाली की त्यावरचा रूढ उपाय म्हणजे ‘व्याप्ती आणि मर्यादा’ या प्रकरणात एक वाक्य वाढवणे. अभ्यास पनवेल तालुक्यापुरता मर्यादित राहील, किंवा १९९० ते २०२० या कालखंडापुरता राहील, किंवा शंभर कुटुंबांना प्रश्नावली दिली जाईल, असे त्यात नमूद होते आणि शीर्षकाला शेपूट जोडून आराखडा मान्य होतो. येथे कापला जातो तो नकाशा. विचार होता तसाच राहतो. तालुका लहान केल्याने प्रश्न नेमका होत नाही, कारण त्या तालुक्यात नेमके काय शोधायचे हे अद्याप ठरलेलेच नसते, आणि मग प्रश्नावलीत घराचे बांधकाम कच्चे की पक्के, घरात दुचाकी आहे का, मुले कोणत्या माध्यमात शिकतात अशी जमेल ती माहिती गोळा होते. तिची कोष्टके होतात, कोष्टकांखाली तेच आकडे पुन्हा शब्दांत लिहिले जातात, आणि विकासाने काही फायदे झाले व काही तोटे झाले असा निष्कर्ष निघतो, जो घराबाहेर न पडताही लिहिता आला असता. यात संशोधकाचा आळस क्वचितच असतो. बहुतेक संशोधक नोकरी सांभाळून, लोकलच्या प्रवासात वाचन करून, प्रामाणिकपणे राबत असतात, आणि म्हणूनच त्यांचे श्रम अशा निष्कर्षात विरघळून जाताना पाहणे अधिक क्लेशदायक आहे.

विषय खऱ्या अर्थाने नेमका होऊ लागतो तो शीर्षकातील एकेका शब्दाला अडवून ‘म्हणजे कोण?’ आणि ‘हे कोणत्या कागदावरून कळते?’ असे विचारल्यावर. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द घ्यावा. बोलण्यात तो सगळ्या मूळ रहिवाशांना लावला जातो. परंतु भूसंपादनाच्या व्यवहारात ज्याचे नाव सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या अधिकार अभिलेखाच्या उताऱ्यावर, खातेदार म्हणून लागलेले होते तो मोबदल्याला पात्र ठरला. त्याच जमिनीवर राबणाऱ्या पण नोंद नसलेल्या कुळाचे काय झाले? मिठागरात हंगामी मजुरी करणाऱ्याचे काय झाले? दिवाळे किंवा सारसोळे येथील ज्या कोळी कुटुंबाची उपजीविका खाडीवर होती, त्याच्याकडे खाडीचा सातबारा कधीच नव्हता, कारण भरती-ओहोटीच्या पाण्याचा आणि चिखलाचा सातबारा कोणाच्या नावाने निघत नाही. भराव पडून, खारफुटी जाऊन, पाण्याचा प्रवाह बदलून त्याचे जे गेले ते कोणत्या नोंदवहीत शोधायचे? एका शब्दाला असे अडवल्याबरोबर तीन निरनिराळे प्रबंध समोर उभे राहतात, आणि त्यांतला कोणता आपला, हे संशोधकाला ठरवावे लागते. या ठरवण्यालाच कार्यकारी व्याख्या म्हणतात : एखादी संकल्पना या विशिष्ट अभ्यासापुरती कोणत्या खुणेवरून ओळखली जाईल हे आधी सांगून टाकणे. कोशातली व्याख्या उतरवून घेतल्याने हे काम होत नाही.

आता याच विषयातील एक धागा शेवटपर्यंत ओढून पाहणे उपयुक्त ठरेल. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनात जासई-दास्तान फाटा परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच आंदोलक हुतात्मा झाले. या संघर्षाच्या दबावातून साडेबारा टक्के योजना आकाराला आली आणि १९९० व १९९४ सालच्या शासननिर्णयांनी ती नवी मुंबईत रुजली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्राचा विकसित भूखंड मूळ खातेदाराला परत द्यायचा, असे तिचे स्वरूप आहे; त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात आणि प्रत्यक्षात पावणेनऊ टक्के हाती येतात, म्हणजे एक हेक्टर जमीन गेलेल्याला ८७५ चौरस मीटर. आगरी-कोळी गावांतील बोलण्यात ‘साडेबारा टक्क्याचा प्लॉट’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्याला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. ‘साडेबारा टक्के योजनेचा अभ्यास’ हे शीर्षक पहिल्या शीर्षकापेक्षा लहान असले, तरी तेही विषयच आहे.

पुढची पायरी अशी की, जमिनी १९७० च्या दशकात गेल्या आणि भूखंड दोन दशकांनंतर मिळू लागले, तेव्हा मधल्या काळात कित्येक खातेदार वारले होते आणि भूखंड वारसांना मिळायचा होता. नेमक्या १९९४ सालीच महाराष्ट्राने हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून, ती लागू झाली त्या दिवसापर्यंत विवाह न झालेल्या मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः वाटेकरी, म्हणजे सहदायाद, ठरवले; देशभरासाठी तशी दुरुस्ती २००५ साली आली. वडिलांच्या स्वतःच्या हिश्शात तर १९५६ च्या मूळ कायद्यानेच मुलगी वारस होती. म्हणजे कायदा मुलीला हळूहळू वाटेकरी करत होता, आणि त्याच काळात या पट्ट्यातील जमिनीचे अतिशय मौल्यवान भूखंडांत रूपांतर होत होते. या दोन प्रवाहांचा संगम जेथे झाला तेथे प्रश्न तयार होतो : ‘१९९४ ते २००५ या काळात अमुक एका गावातील मृत खातेदारांच्या वारसांना साडेबारा टक्के योजनेतून जे भूखंड मिळाले, त्यांत किती मुलींची नावे वारसनोंदीत आली, त्यांपैकी किती नावे भूखंडाचा करार होण्याआधी हक्कसोडपत्राने कमी झाली, आणि १९९४ पूर्वी विवाहित झालेल्या मुली व नंतर विवाहित झालेल्या मुली यांच्यात या बाबतीत फरक पडला का?’

हा प्रश्न एका वाक्यात सांगता येतो, त्याला प्रश्नचिन्ह लागते, आणि त्यातील प्रत्येक शब्दामागे एक दस्तऐवज आहे. वारसांची नोंद गावच्या फेरफार नोंदवहीत आणि वारस दाखल्यात सापडते. हक्कसोडपत्र, म्हणजे एका वारसाने दुसऱ्याच्या लाभात आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदलेला असतो. आणि भूखंड पुढे विकासकाकडे गेला तर सिडको, मूळ वाटपधारक व विकासक यांच्यातील त्रिपक्षीय करारनामा त्या हस्तांतराची खूण मागे ठेवतो. कागद जेथे मुका होतो तेथे मुलाखत लागते, आणि तीही आता नेमकी होते, कारण सही करणाऱ्या बहिणीला ‘आपले सामाजिक-आर्थिक जीवन कसे आहे’ असे विचारायचे नसून सही कोणत्या प्रसंगी झाली, बदल्यात काही ठरले होते का, माहेरपण टिकले का, हे विचारायचे असते. आधीच्या शीर्षकातील ‘विकास’, ‘सामाजिक’ आणि ‘आर्थिक’ हे तिन्ही शब्द या एका प्रश्नात जिवंत आहेत, मात्र त्यांतला एकही लिहावा लागलेला नाही.

अशा प्रश्नावर एक आक्षेप हमखास घेतला जातो की तो फार लहान आहे आणि त्यातून प्रबंधाची पाने भरणार नाहीत. या भीतीला महाराष्ट्राच्या विद्वत्परंपरेनेच उत्तर देऊन ठेवले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जो प्रबंध सादर केला त्याचे शीर्षक भारताच्या राष्ट्रीय लाभांशाविषयी, म्हणजे साऱ्या देशाच्या उत्पन्नाविषयी, होते; १९२५ साली ग्रंथरूपाने जे प्रसिद्ध झाले त्याचे नाव ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रॉव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ असे आहे आणि उपशीर्षकात साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण हा विषय बांधून घेतलेला आहे. प्रांतांना पैसा कोणत्या तत्त्वाने दिला गेला, या एका सूत्रावर तो ग्रंथ उभा आहे : १८७१ पासून नेमून दिलेल्या रकमा, १८७७ पासून नेमून दिलेली महसुलाची साधने, १८८२ पासून वाटून घेतलेला महसूल. सूत्र एवढे अरुंद असूनही, किंवा असल्यामुळेच, ब्रिटिश राजवटीच्या कारभाराचा अंतर्भाग त्यातून जसा दिसतो तसा एखाद्या सर्वसमावेशक वर्णनातून दिसला नसता.

गावाच्या बाबतीतले उदाहरणही त्याच काळातले आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर या एकाच गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि जुन्या नोंदींशी ताडून त्यांनी दाखवले की तेथील सरासरी धारणक्षेत्र १७७१ साली ४० एकर होते ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले होते. गाव एक, नोंदी ठरावीक, आणि तरीही जमिनीच्या तुकडेकरणाविषयीच्या चर्चेत हे आकडे पुढे अनेक दशके उद्धृत होत राहिले. त्या पिंपळे सौदागरात आज शेताऐवजी उंच इमारती आहेत. नवी मुंबईच्या ९५ गावांपैकी प्रत्येकाचा असा एकेक अभ्यास १९७० पूर्वी झाला असता तर आज तुलनेला किती भक्कम आधार मिळाला असता, ही हळहळ येथे नोंदवणे भाग आहे.

नेमक्या प्रश्नाचा आणखी एक गुण इरावती कर्वे यांच्या बर्लिनमधील प्रबंधात दिसतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असममितीचा, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंतील फरकाचा, अभ्यास करत होत्या. युरोपीय वंशाच्या कवट्यांत ही असममिती अधिक असावी आणि तिचा संबंध बौद्धिक श्रेष्ठतेशी असावा, अशी मार्गदर्शकाची धारणा होती. कर्वे यांच्या मोजमापातून वंशानुसार तसा फरक निघाला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. ‘वंश आणि संस्कृती’ अशा ऐसपैस विषयावर लिहायचे असते तर मार्गदर्शकाचे मत सांभाळून घेणे सोपे होते. मोजता येईल असा प्रश्न असल्यामुळे नकारार्थी उत्तराला जागा राहिली आणि तरुण संशोधिकेच्या हाती अधिकार आला. साडेबारा टक्क्यांच्या वरील प्रश्नातही उत्तर अनपेक्षित निघण्याची पूर्ण शक्यता आहे : मुलींची नावे समजुतीपेक्षा अधिक टिकलेली असतील, किंवा नवा कायदा आल्याने हक्कसोडपत्रे उलट वाढलेली असतील. ज्या प्रश्नाचे उत्तर चुकूच शकत नाही, त्यावर गृहीतक, म्हणजे तपासून पाहायचे तात्पुरते विधान, लिहिण्यात काही अर्थ नसतो.

हे केवळ सामाजिक शास्त्रांपुरते नाही. ‘ठाणे खाडीची जैवविविधता’ हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे २०१५ साली घोषित झालेले फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ साली मिळालेला रामसर स्थळाचा दर्जा असतो. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, ओहोटीत चिखलावर चरतात आणि भरती आली की नेरूळच्या पाणथळींकडे सरकतात, एवढे लक्षात घेतले तरी ‘भरतीचे पाणी आत येण्याचा मार्ग बंद झालेल्या आणि खुला राहिलेल्या पाणथळीत भरतीच्या वेळी उतरणाऱ्या पक्ष्यांच्या संख्येत काय फरक पडतो’ हा प्रश्न भरतीचे वेळापत्रक आणि दुर्बीण घेऊन दोन हंगामांत तपासता येतो.

समित्यांकडून अपेक्षा आहे ती अशी. आराखडा पहिल्यांदा समोर येईल तेव्हा शीर्षकाची शब्दरचना दुरुस्त करण्यात बैठक खर्ची घालू नये. संशोधकाला त्याचा प्रश्न एका वाक्यात, प्रश्नचिन्हासह, म्हणायला सांगावे. त्यानंतर त्या प्रश्नाला लागणारा किमान एक मूळ कागद, फेरफार असो, नकाशा असो, बैठकीचे इतिवृत्त असो, त्याने स्वतः हाताळला आहे का हे विचारावे, कारण अनेक सुंदर प्रश्न दप्तर उपलब्ध नसल्यामुळे तिसऱ्या वर्षी कोसळतात आणि ते पहिल्याच सहामाहीत कळले तर बदलता येतात. माहिती अधिकाराचा अर्ज, तलाठी कार्यालयातील खेपा, नोंदणी कार्यालयातील शोध यांना वेळ लागतो. तो वेळ वाया गेला असे मानण्याऐवजी प्रश्न घडवण्याचे काम म्हणून समितीने नोंदवावा, आणि त्या काळात शीर्षक बदलले तर त्याला अपयश समजू नये. विषय सोडून देण्याचे धैर्य विद्यार्थ्याला सहसा नसते, विशेषतः फेलोशिपचा महिना चालू असेल तेव्हा. ते त्याला समितीने द्यायचे असते. शोधगंगा या राष्ट्रीय प्रबंधसंग्रहात आधीचे प्रबंध खुले असल्यामुळे आपल्या विषयाजवळचे तीन प्रबंध वाचून त्यांनी कोणता प्रश्न अनुत्तरित ठेवला हे संशोधकाने सांगावे, अशी अट घालणेही कठीण नाही.

मार्गदर्शकांविषयीही एक गोष्ट स्पष्टपणे म्हणायला हवी. विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. आठ जणांचे आठ ऐसपैस विषय सांभाळणे मार्गदर्शकाला सोपे वाटते, कारण त्यांत कोठेच अडत नाही. आठ नेमके प्रश्न सांभाळायचे तर प्रत्येकाच्या कागदांत डोके घालावे लागते. समितीने हा भार ओळखून तशी मदत मागावी आणि द्यावी. इतिहासाच्या मार्गदर्शकाला उत्तराधिकाराच्या कायद्याचा तिढा सुटत नसेल तर विधी महाविद्यालयातील सहकाऱ्याला बैठकीस बोलावणे हे नवी मुंबईत लोकलच्या दोन-चार स्थानकांइतकेच दूर आहे.

या सगळ्याला घाई आहे, आणि ती मुदतीची नाही. सिडकोची स्थापना झाली तेव्हा जे पंचविशीत होते ते आज ऐंशी ओलांडत आहेत. पहिल्या संपादनाच्या नोटिसा कोणी वाचून दाखवल्या, मोबदल्याचे पैसे घरात कोणाच्या हाती आले, बहिणीने अंगठा कोठे लावला, हे सांगू शकणारी माणसे घणसोलीत, करावेत, जासईत अजून आहेत; त्यांच्यासमोर बसणाऱ्या संशोधकाकडे दहा पानी सर्वसाधारण प्रश्नावली असावी की त्यांच्याच आयुष्याला भिडणारा एक प्रश्न असावा, हे समित्यांच्या येत्या सहामाही बैठकांत ठरायचे आहे.

नवी मुंबई